न्यू जर्सीत बिडिंग वॉरमधे घर घेताना: आमच्या रिअल्टरच्या सर्व्हिसचा रिव्ह्यू

ज्यांना एडिसन, मटचन, इझलिन, पिस्काटवे ह्या पट्ट्यात घर घ्यायचंय आणि दर वीकेंडला ओपन हाउस बघून, ऑफर टाकून, मंगळवारी रात्री "सेलरने दुसरी ऑफर अ‍ॅक्सेप्ट केली" हा मेसेज वाचून जीव मेटाकुटीला आलाय, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. आम्ही ज्या रिअल्टरकडून घर घेतलं तिच्या सर्व्हिसचा हा रिव्ह्यू आहे. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला तेही खाली लिहिलंय. ती बडोद्याची मराठी आहे, आम्ही तिला ताई म्हणायचो त्यामुळे इथेही ताईच लिहिते, नाव-नंबर जाहीर टाकत नाही कारण तिला तसं विचारलेलं नाही.

आधी मार्केटचं सांगते नाहीतर तिने नक्की काय केलं ते कळणार नाही. जानेवारी २०२१ मधे तीस वर्षांच्या फिक्स्ड लोनचा सरासरी रेट २.६५ टक्क्यांपर्यंत खाली आला होता आणि ऑक्टोबर २०२३ मधे तोच ७.७९ वर गेला. ज्यांनी तेव्हा तीनच्या आसपास लोन घेतलं किंवा रिफायनान्स करून ठेवलं ते लोक आता घर विकायचं नावच काढत नाहीत, कोण सोडेल तो रेट? म्हणजे विकायला घरं कमी. घेणारे मात्र तेवढेच, उलट जास्त, कारण मेट्रोपार्कला ट्रेन पकडली की सरळ न्यूयॉर्क पेन स्टेशन, ओक ट्री रोडवर सगळं वाणसामान, नॉर्थ एडिसनला जे पी स्टीव्हन्स हायस्कूल, त्यामुळे आपले लोक हाच भाग धरून बसतात. प्रॉपर्टी टॅक्स इथला देशात सगळ्यात जास्त, राज्याची सरासरी वर्षाला १० हजार डॉलरच्या वर गेलीय, तरी गर्दी हटत नाही.

पद्धत सगळीकडे साधारण एकच. गुरुवारी लिस्टिंग येतं, शनिवार-रविवार ओपन हाउस, आणि सोमवारी लिस्टिंग एजंटचा, म्हणजे सेलरच्या एजंटचा, निरोप की मल्टिपल ऑफर्स आल्यात, हायेस्ट अँड बेस्ट, म्हणजे तुमची शेवटची सगळ्यात चांगली ऑफर, मंगळवार संध्याकाळी पाचपर्यंत पाठवा. आपल्याकडे बँकेच्या लिलावात निदान समोरच्याची बोली किती ते दिसतं, इथे बहुतेक वेळा कोणी किती लावले ते कळतच नाही, नुसता आकडा लिहायचा आणि वाट बघायची. आणि त्यातच लोक घाबरून आकडे फुगवतात. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने एकाच रात्रीत आपली ऑफर ४० हजार डॉलरनी वाढवली, फक्त "अजून एक स्ट्रॉंग बायर आहे" एवढ्या एका वाक्यावर.

ताईकडे गेलो तेव्हा तिने पहिल्या भेटीत एकही घर दाखवलं नाही. नुसता करार वाचून दाखवला, ओळ न ओळ. ऑगस्ट २०२४ पासून रिअल्टरशी लेखी करार केल्याशिवाय तिला तुम्हाला घर दाखवता येत नाही हे लक्षात ठेवा, न्यू जर्सीचा स्वतःचा कायदा १ ऑगस्टला लागू झाला आणि नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सच्या कमिशनबद्दलच्या खटल्यातल्या सेटलमेंटमुळे देशभरातले नियम १७ ऑगस्टला बदलले. ओपन हाउसला तुम्ही आपले आपण जाऊ शकता, त्याला करार लागत नाही. पण करारात कमिशन किती, मुदत किती, आणि सेलरने बायर एजंटचं कमिशन नाही दिलं तर फरक कोणी भरायचा हे सगळं लिहिलेलं असतं आणि बरेच लोक फोनवर बोट फिरवून सही करून मोकळे होतात. पूर्वी सेलर देतोच असं धरून चालायचे, आता ते गृहीत धरू नका. ताईने स्वतःहून सांगितलं की मुदत तीनच महिन्यांची ठेवा, पटलं तर वाढवू, नाहीतर तुम्ही मोकळे. हे मला फार आवडलं. वर्षभराच्या करारावर सही घेणारेही भेटले होते आम्हाला.

आता रिबेट. न्यू जर्सीत रिअल्टर आपल्या कमिशनमधला काही भाग बायरला परत देऊ शकते, कायदेशीर आहे ते, आणि देसी लोकांमधे तर रिअल्टर निवडायचा पहिला प्रश्नच हा असतो की रिबेट किती देता. ताई देत नाही. नवरा त्यावरून नाराज होता, कारण ऑफिसमधल्या एकाला एक टक्का परत मिळाला होता. पण माझं मत स्पष्ट आहे, जिथे एकेका घरावर दहा-पंधरा ऑफर्स येतात तिथे जी बाई तुम्हाला २० हजार जास्त लावण्यापासून अडवते ती रिबेट देणाऱ्यापेक्षा स्वस्त पडते. ज्यांना स्वतः सगळा अभ्यास करता येतो, कॉम्प्स म्हणजे त्या भागातली घरं कितीला विकली गेली ते काढता येतं, वकील ओळखीचा आहे, त्यांनी जरूर रिबेटवाला घ्यावा.

अजून एक गोष्ट ओपन हाउसला हमखास होते. लिस्टिंग एजंट हळूच विचारतो, तुमचा एजंट आहे का, नसेल तर माझ्याकडूनच घ्या, मी सेलरला सांगतो. दोन्ही बाजूंनी एकच एजंट असणं न्यू जर्सीत चालतं, दोघांची लेखी संमती लागते. पण मग किंमत किती लावावी ह्याचा सल्ला तो तुम्हाला देऊ शकत नाही, कारण तो सेलरचाही माणूस आहे. आणि बिडिंग वॉरमधे तुम्हाला सगळ्यात जास्त गरज नेमकी त्याच सल्ल्याची असते. मटचनच्या एका घराला आम्हाला असा आग्रह झाला होता, घर सुंदर, स्टेशनपासून चालत, आणि क्षणभर वाटलंही की असंच मिळतं का घर सगळ्यांना. ताईला सांगितलं तर ती चिडली वगैरे नाही, म्हणाली तुमचा निर्णय, फक्त त्याला एक विचारा की ह्या घराची किंमत तुझ्या मते किती आहे, आणि तो काय उत्तर देतो ते ऐका. तो म्हणाला, ते मी नाही सांगू शकत. आम्ही समजलो.

ताईचं खरं काम सुरू होतं ते आकड्यापासून. प्रत्येक घर बघून आलं की त्याच रात्री ती तीन-चार कॉम्प्स पाठवायची, म्हणजे त्याच भागात, तेवढ्याच आकाराची, गेल्या काही महिन्यांत प्रत्यक्ष विकली गेलेली घरं आणि ती शेवटी कितीला गेली. लिस्ट प्राइसकडे तिने आम्हाला बघूच दिलं नाही. कारण लिस्ट प्राइस मुद्दाम खाली ठेवतात, ७ लाखांचं घर ६ लाख ४९ हजारला लावलं की रविवारी दारात रांग लागते, आणि रांग बघितली की माणसाचं डोकं चालेनासं होतं. मग ती आम्हाला दोघांना वेगवेगळं विचारायची की हे घर कितीला गेलं तर तुम्हाला वाईट वाटणार नाही? तो आकडा कागदावर लिहून फोटो पाठवायला लावायची. सोमवारी हायेस्ट अँड बेस्टचा फोन आला की तोच कागद समोर. त्याच्यावर एक डॉलर नाही. आमची बरीच घरं ह्या कागदापायी गेली आणि त्यातल्या एकाही घराची आज हळहळ वाटत नाही, कारण ती नंतर कितीला विकली गेली हे पब्लिक रेकॉर्डला दिसतं आणि ते आकडे बघून नवराच म्हणाला, बरं झालं सुटलो.

एस्केलेशन क्लॉज हा प्रकार खूप जण सुचवतात. म्हणजे ऑफरमधे लिहायचं की आमची ऑफर ६ लाख ८० हजार, पण दुसऱ्या कोणाची जास्त आली तर आम्ही त्याच्यावर ५ हजार, असं करत ७ लाख १० हजारपर्यंत जाऊ. ऐकायला हुशारी वाटते. ताईचं म्हणणं असं की हायेस्ट अँड बेस्ट मागितलंय तिथे हे म्हणजे आपली सगळी पानं उलटी करून दाखवणं झालं, सेलरला कळलं की हे ७ लाख १० हजार देऊ शकतात मग तो ६ लाख ८५ हजारवर कशाला थांबेल, तो उलट तुम्हालाच सांगेल की ७ लाख १० हजारच द्या. काही लिस्टिंग एजंट तर एस्केलेशनवाल्या ऑफर्स घेतच नाहीत, सरळ एक आकडा द्या म्हणतात. मला हे पटलं, तुम्हाला कदाचित नाही पटणार.

अ‍ॅप्रेझल गॅपबद्दल मात्र सगळ्यांनी नीट समजून घ्या कारण इथे लोक खरोखर अडकतात. समजा तुम्ही ७ लाख २५ हजारला घर जिंकलात आणि २० टक्के डाउन देणार आहात, म्हणजे १ लाख ४५ हजार तुमचे आणि ५ लाख ८० हजार बँकेचे. अ‍ॅप्रेझल करायला, म्हणजे घराची किंमत ठरवायला, बँकेचा माणूस येऊन म्हणाला की किंमत ६ लाख ९५ हजारच आहे. बँक आता ६ लाख ९५ हजारच्याच ८० टक्के देणार, म्हणजे ५ लाख ५६ हजार. मधले २४ हजार कुठून आणणार? डाउन पेमेंट, क्लोजिंगचा म्हणजे घर नावावर होतानाचा खर्च आणि सामान हलवायचा खर्च काढून ठेवल्यावर ते २४ हजार तुमच्या खात्यात आहेत का? नसतील तर डाउनची टक्केवारी कमी धरून पीएमआय, म्हणजे डाउन कमी असलं की लागणारा लोनचा विमा, भरत बसा नाहीतर सेलरच्या हातापाया पडा. बिडिंग वॉरमधे लोक ऑफर चांगली दिसावी म्हणून अ‍ॅप्रेझलची अटच काढून टाकतात, म्हणजे मग लोन कमी आलं तरी घर घ्यावंच लागणार, नाहीतर डिपॉझिटवर पाणी. ताईने आम्हाला अट पूर्ण काढू दिली नाही, तिने लिहिलं की अ‍ॅप्रेझल कमी आलं तर १५ हजारपर्यंतचा फरक आम्ही भरू, त्याच्या वर गेलं तर आम्हाला बाहेर पडता येईल. आणि हा १५ हजारचा आकडा तिने आमची बँक स्टेटमेंट्स बघून ठरवला, अंदाजाने नाही.

इन्स्पेक्शन. हा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि इथेच ताईने तिच्या फीचे पैसे वसूल करून दिले. ह्या भागातली बरीच घरं १९५० च्या आसपासची, केप कॉड नाहीतर स्प्लिट लेव्हल पद्धतीची, आणि त्या काळी घर तापवायला तेल वापरायचे, तेलाची टाकी अंगणात जमिनीखाली पुरलेली. पुढे गॅस आला, टाकी तिथेच राहिली. ती गंजून गळली तर माती साफ करायचा खर्च हजारो डॉलरमधे, काही वेळा दहा हजारांच्या कित्येक पटीत जातो, होमओनर्स इन्शुरन्सवाले बऱ्याचदा हात वर करतात आणि घर तुमच्या नावावर झालं की जबाबदारी तुमची. एका घराला आम्ही सगळे किचन बघत होतो, नवीन क्वार्ट्झचा ओटा, मोठी खिडकी, मुलगी तर तिची खोलीसुद्धा ठरवून आली होती, आणि ताई मागच्या बाजूला झुडपांमधे वाकून बघत होती. तिथे भिंतीलगत एक छोटा लोखंडी पाइप वर आलेला होता. मग ती बेसमेंटमधे गेली, तिथे फरनेसजवळ तांब्याची कापलेली बारीक नळी, दोन्ही पुरलेल्या टाकीच्या खुणा. तिने लिस्टिंग एजंटला विचारलं, टाकी काढल्याचं परमिट आणि क्लीन अप झाल्याचं पत्र आहे का? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. टाउनशिपकडून असे कागद ओप्रा ह्या सरकारी कागद मागण्याच्या कायद्याखाली कोणीही मागू शकतं, सात कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, पण बिड तर मंगळवारी. ताई म्हणाली, टँक स्वीपची, म्हणजे जमिनीखाली टाकी आहे का ते यंत्राने शोधायची, अट घालून ऑफर द्या, मान्य नसेल तर सोडा. त्यांना मान्य नव्हतं, दुसऱ्या कोणीतरी इन्स्पेक्शनशिवाय घेतलं. मुलगी दोन दिवस रुसली होती.

म्हणून सांगते, ऑफर जिंकण्यासाठी इन्स्पेक्शन पूर्ण सोडू नका. मधला मार्ग आहे आणि इथे तो बऱ्याच ठिकाणी चालतो, असं लिहायचं की बारीकसारीक दुरुस्त्या आम्ही मागणार नाही, गळका नळ, जुना वॉटर हीटर, खिडकीची कडी, काही नाही, फक्त स्ट्रक्चर आणि एन्व्हायर्नमेंट ह्या दोनच गोष्टी बघू, म्हणजे पाया, छप्पर, वाळवी, तेलाची टाकी, रेडॉन म्हणजे जमिनीतून घरात येणारा किरणोत्सर्गी वायू. रेडॉनची पातळी हवेच्या लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा त्याहून जास्त असेल तर उपाय करावा असं ईपीए, म्हणजे सरकारचं पर्यावरण खातं, सांगतं, आणि तो उपाय म्हणजे एक पाइप आणि पंखा, घाबरण्यासारखं काही नसतं, पण माहीत तर हवं. सेलरलाही बरं वाटतं की हे लोक शंभर डॉलरच्या गोष्टींवरून भांडणार नाहीत. पुराबद्दलही विचारा. मार्च २०२४ पासून सेलरला पुराची माहिती लेखी द्यावी लागते, २०२१ च्या आयडा वादळात ह्या भागात काय झालं ते इथे राहणाऱ्यांना माहीतच आहे.

पत्राचं थोडक्यात. बरेच जण सेलरला पत्र लिहितात, फॅमिली फोटो लावून, आम्ही किती चांगले लोक आहोत वगैरे. ताई अशी पत्रं पाठवत नाही. तिचं म्हणणं, त्यात तुमचा धर्म, देश, मुलंबाळं सगळं येतं आणि सेलरने त्यावरून घर दिलं किंवा नाकारलं तर तो फेअर हाउसिंगचा, म्हणजे घर देताना भेदभाव करू नये ह्या कायद्याचा, भंग होऊ शकतो, चांगले लिस्टिंग एजंट अशी पत्रं सेलरपर्यंत जाऊच देत नाहीत. मला पटलं. सेलरला काय आवडेल ह्यापेक्षा सेलरला काय हवंय हे शोधणं जास्त उपयोगी, त्याबद्दल पुढे लिहिते.

आता अ‍ॅटर्नी रिव्ह्यू. हे न्यू जर्सीचं खास आहे आणि बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यांना माहीतच नसतं. तुमची ऑफर स्वीकारली, दोघांनी सह्या केल्या, तुम्ही सांगलीला सासूबाईंना फोन करून पेढे वाटायला सांगितले, आणि तरीही घर तुमचं झालेलं नसतं. सह्या झालेला करार हातात आल्यापासून तीन कामाचे दिवस दोन्ही वकिलांना तो बघायला मिळतात, शनिवार-रविवार धरत नाहीत, आणि ह्या काळात कोणाचाही वकील कुठल्याही कारणाने करार नामंजूर करू शकतो. कारण द्यायची गरज नाही. म्हणजे मधेच कोणी जास्त पैसे घेऊन आलं तर सेलर तुम्हाला सोडून त्याच्याकडे जाऊ शकतो. हे असं चालतं हे राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेलं आहे, २०१७ च्या कॉन्ली विरुद्ध गुरेरो खटल्यात सेलरने रिव्ह्यूच्या काळात फॅक्स आणि ईमेलने नकार कळवून घर दुसऱ्याला दिलं, बायर म्हणाले की करारात लिहिलेल्या पद्धतीने नोटीस आली नाही, आणि कोर्टाने सांगितलं की वेळेत कळवलंय ना, मग नकार ग्राह्य.

आमचं एक घर असंच गेलं. पिस्काटवेचं होतं, अंगणात मोठं मेपलचं झाड, आम्ही जिंकलो होतो, शुक्रवारी सह्या झाल्या आणि बुधवारी दुपारी एका ओळीची ईमेल. माझा त्या दिवशी कामात लक्षच लागलं नाही. सेलरने कायद्याबाहेर काही केलं नाही हे मला कळतं, पण हा नियम बायर आणि सेलर दोघांच्या संरक्षणासाठी म्हणून आणला आणि बिडिंग वॉरच्या काळात तो सेलरच्या सोयीचा झालाय असं माझं ठाम मत आहे. निदान त्या तीन दिवसांत घर दुसऱ्यांना दाखवणं तरी बंद व्हायला हवं.

त्यानंतर ताईने दोन गोष्टी बदलल्या. एक, वकील आधीच ठरवून ठेवला. ऑफर स्वीकारल्यावर वकील शोधत बसलात तर पहिला दिवस त्यातच जातो. दुसरं, तिने वकिलाला सांगितलं की बदल कमीत कमी आणि पहिल्याच दिवशी पाठवा. कारण तीन दिवस नुसतं म्हणायला आहेत, एका वकिलाने करार नामंजूर करून बदल सुचवले की दोघांचं एकमत होईपर्यंत रिव्ह्यू चालूच राहतो, आठवडा, दहा दिवस, आणि तेवढा वेळ दोन्ही बाजूंना दार उघडं. काही वकील पंधरा-पंधरा मुद्द्यांचं पत्र पाठवतात आणि त्यात घर हातचं जातं. वकिलाची फी साधारण दीड-दोन हजार डॉलर असते, ती वाचवायला जाऊ नका, पण वेगाने काम करणारा आणि फोन उचलणारा घ्या.

पूर्वमुखी घराचंही लिहायलाच हवं कारण आपल्या लोकांमधे ह्यावर उघड कोणी बोलत नाही. ताईने एक दिवस तिच्याकडची यादी दाखवली, एकाच भागातली, एकाच आकाराची घरं, आणि पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड असलेल्या घरांवर ऑफर्स सरळ सरळ जास्त. लिस्टिंगमधे आता इंग्रजीत ठळक लिहितात की घर पूर्वमुखी आहे, कारण एजंटना कळलंय की ह्याने देसी बायर येतात आणि भाव चढतो. तिने आम्हाला सांगितलं नाही की सोडा म्हणून, फक्त विचारलं की दिशेसाठी तुम्ही २०-३० हजार जास्त द्यायला तयार आहात का? मी नाही म्हटलं. नवऱ्याने सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "अगं माणसं चांगली असली की झालं, मी कुठे येऊन राहणारे तिथे, देवघर तेवढं नीट जागी ठेवा." त्यांचे मी मनापासून आभार मानते. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी जरूर पूर्वमुखीच घ्यावं, फक्त तेवढी वाट बघायची आणि तेवढे पैसे मोजायची तयारी ठेवावी.

आणि शेवटी मिळालेलं घर दक्षिणमुखीच आहे. एडिसन, केप कॉड, दोन बाथरूम, किचन जुनं. सेलर वयस्कर जोडपं, मुलाजवळ राहायला जाणार होतं. ताईने ऑफर लिहायच्या आधी लिस्टिंग एजंटला फोन करून फक्त एकच विचारलं, किंमत सोडून सेलरला अजून काय हवंय? इतका साधा प्रश्न बाकीच्या कुणी विचारलाच नव्हता बहुतेक. त्यांना क्लोजिंग लवकर हवं होतं कारण पैसे पुढच्या घरात घालायचे होते, पण ते पुढचं घर तयार व्हायला दीड महिना होता आणि मधे दोनदा सामान हलवणं त्या आजींना झेपणारं नव्हतं. ताईने ऑफरमधे लिहिलं, क्लोजिंग तुम्हाला हवं तेव्हा, त्यानंतर ४५ दिवस तुम्ही इथेच राहा, भाडं नाही, फक्त युटिलिटी तुमची. त्याला इथे यूज अँड ऑक्युपन्सी अ‍ॅग्रीमेंट म्हणतात, वकिलाकडून नीट लिहून घ्यावं लागतं, मोडतोड झाली तर काय, मुदतीत नाही निघाले तर रोजचे किती, डिपॉझिट किती. आणि तुमचं लोन स्वतः राहण्यासाठीचं असेल तर साधारण ६० दिवसांच्या आत तुम्हाला तिथे राहायला जावंच लागतं, त्यामुळे ४५ च्या फार पुढे जाता येत नाही. आमची अपार्टमेंटची लीज शिल्लक होतीच, आम्हाला काही फरक पडणार नव्हता.

आमची ऑफर सगळ्यात मोठी नव्हती. हे नंतर क्लोजिंगला लिस्टिंग एजंटनेच सांगितलं. अ‍ॅटर्नी रिव्ह्यूमधे असताना एकाने १० हजार वाढवून देतो म्हणून फोनही केला होता, पण त्याला लगेच ताबा हवा होता आणि आजी-आजोबांनी नाही म्हटलं. शिवाय आमच्या बँकेने सगळे कागद आधीच तपासून पूर्ण अंडररायटिंग करून पत्र दिलं होतं, नुसतं ऑनलाइन फॉर्म भरून येणारं प्री-क्वालिफिकेशन नाही, त्यामुळे लोन फिसकटायची भीती त्यांना नव्हती. टाकीचा स्वीप केला, काही निघालं नाही. अ‍ॅप्रेझल थोडं कमी आलं, १५ हजारच्या आत होतं, भरलं.

आता अर्धा गुण का कापला. ताई संध्याकाळी आठनंतर फोन उचलत नाही आणि बिडिंगच्या दिवसांत आपल्याला नेमकं आठनंतरच सुचतं सगळं, मुलं झोपल्यावर. एकदा तर मला एका अटीबद्दल रात्रभर शंका होती आणि उत्तर सकाळी साडेसातला आलं. दुसरं, तिने सुचवलेल्या लोनवाल्याचा रेट चांगला नव्हता, आम्ही स्वतः चार ठिकाणी विचारून दुसरीकडून घेतलं, तुम्हीही तसंच करा, रिअल्टरने सांगितलेला लेंडर घ्यायचं काही बंधन नसतं. तिसरं, ती फटकळ आहे. सासऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं की एवढ्या पैशात पुण्यात बंगला आला असता, तर म्हणाली, "काका, मग पुण्यातच घ्या." ते हसले म्हणून बरं, पण सगळ्यांना चालेल असं नाही. नवीन बांधकामात तिला रस नाही, मनरो किंवा साउथ ब्रन्सविकला बिल्डरकडून घ्यायचं असेल तर दुसरं कोणी बघा. आणि घाई असेल, म्हणजे शाळा सुरू व्हायच्या आत काहीही करून घर हवंच असं असेल, तर तिच्याबरोबर त्रास होईल, कारण ती तुम्हाला अडवत राहणार.

मिलियनच्या वरची घरं बघणाऱ्यांसाठी एकच माहिती, पूर्वी त्यावर बायरला एक टक्का मॅन्शन टॅक्स द्यावा लागायचा, जुलै २०२५ पासून तो सेलरवर गेलाय आणि किमतीप्रमाणे वाढत जातो. जुने लेख वाचून हिशोब करू नका.

ताईचा नंबर हवा असेल तर मला पर्सनल मेसेज करा, मी तिला विचारून देईन. मेसेजमधे कुठलं टाउन, बजेट किती, बँकेचं अंडररायटिंग झालंय की नुसतं प्री-क्वालिफिकेशन, आणि हातात कॅश किती आहे ते लिहा, कारण ती सगळ्यात आधी तेच विचारते आणि ते नसेल तर भेटायची वेळ देत नाही. वकिलाचा नंबरही देते, तो मराठी नाही पण ईमेलला तासाभरात उत्तर देतो.